लोकशाहीर विठ्ठल उमप आणि आपल्या वाद्यांचा प्रश्न

एप्रिल महिना लागला की भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नदीनाक्यापासून शेलारपर्यंत आणि पुढेही, निळे झेंडे आणि भीमगीते सुरू होतात. यंत्रमागाचा खडखडाट एरवी कानाला काही ऐकू देत नाही, पण या दिवसांत स्पीकर त्याच्यावर मात करतात. नव्या गाण्यांच्या मध्येच एखादे जुने गाणे लागते. आवाज रांगडा, वरच्या पट्टीतला, शब्द स्वच्छ. मागे ढोलकी आणि झीलकऱ्यांची साथ. आपल्या तरुण कार्यकर्त्यांना विचारले की हा आवाज कोणाचा, तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : "शिंदे घराण्यातलं कोणीतरी असेल." शिंदे घराण्याचा मान मोठाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अनेकदा तो आवाज लोकशाहीर विठ्ठल उमप यांचा असतो. त्यांचा जीवनप्रवास आणि त्यातून आपल्यासमोर उभा राहणारा एक प्रश्न इथे मांडत आहोत.

नायगावचा मुलगा

विठ्ठल उमप यांचा जन्म १५ जुलै १९३१ रोजी मुंबईतील नायगाव येथे झाला. नायगाव म्हणजे गिरणगावाचा भाग. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, त्यांपैकी ४२ इमारती एकट्या नायगावात होत्या. एकशे साठ चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास, आणि एकाच खोलीत दोन-तीन कुटुंबांचे गडी. सातारा, कोल्हापूर, नगर, नाशिक, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतून गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि नगरपालिकेत कामाला आलेली माणसे इथे राहत. प्रत्येकाने गावाहून येताना आपले गाणे सोबत आणले होते. देशावरचा पोवाडा आणि भारूड, कोकणातला शक्ती-तुरा, किनाऱ्यावरचे कोळीगीत, खंडोबाचे जागरण, आईचा गोंधळ, मुसलमान शेजाऱ्यांची कव्वाली : हे सगळे एका मैदानाभोवती ऐकायला मिळे. पुढे उमपांबद्दल नेहमी म्हटले गेले की एवढे प्रकार एकाच गळ्यात कसे? त्याचे अर्धे उत्तर या चाळींत आहे. उरलेले अर्धे अर्थातच त्यांच्या मेहनतीत.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. नायगाव, परळ, शिवडी, वरळी हा बाबासाहेबांच्या चळवळीचा बालेकिल्ला होता. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह तिथून पायी जाण्याइतके जवळ. समता सैनिक दलाच्या कवायती, परळच्या मैदानांवरच्या सभा आणि सभेच्या आधी होणारे जलसे हे त्या काळच्या मुलांचे नित्याचे दृश्य होते. बाबासाहेबांच्या हयातीतच उमप भीमगीते गाऊ लागले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा ते पंचविशीत होते. त्यामुळे धर्मांतर त्यांच्यासाठी ऐकीव इतिहास नव्हता. त्यांच्या उमेदीच्या वर्षांतली ती घटना होती.

जलशाने काय बदलले

उमपांचे काम समजून घ्यायचे तर जलसा समजून घ्यावा लागतो. तमाशाची बांधणी ठरलेली असते : आधी गण, मग गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. सत्यशोधक चळवळीने ही बांधणी घेतली आणि तिच्यात भटशाही, सावकारी, अज्ञान यांच्यावरचे प्रहार भरले. आंबेडकरी जलशाने पुढचे पाऊल टाकले. गणातला गणपती गेला आणि त्या जागी बाबासाहेबांचे, नंतर तथागतांचे वंदन आले. गवळणीतली छेडछाड गेली. वगात राजा-राणीऐवजी पाटील, तराळ, शाळेत बाहेर बसवलेले पोर, दारूत बुडालेला बाप ही माणसे उभी राहिली. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात आपला जलसा गावोगाव नेला. पुढे त्यांनी 'आंबेडकरी जलसे' या विषयावर पुस्तकही लिहिले, कार्यकर्त्यांनी ते मिळवून वाचावे. नंतरच्या पिढीत वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप ही नावे घराघरांत पोहोचली.

साथीला काय असे? ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज, मागाहून पेटी. बारकाईने पाहा : या यादीत हलगी नाही. काही ठिकाणी ती असेलही, पण जलशाची ओळख हलगी नव्हती. का नव्हती, इथेच आपला प्रश्न सुरू होतो.

वाजवणे हे काम होते

हलगी म्हणजे लाकडी वा धातूच्या कड्यावर ताणून बसवलेले चामडे. डाव्या हाताने छातीपाशी धरायची, एक जाड आणि एक बारीक अशा दोन काड्यांनी वाजवायची, आणि कातडे सैल पडले की जाळावर शेकून तापवायची. तिचा आवाज कोसभर जातो. गावगाड्यात ती प्रामुख्याने मातंगांकडे होती, अनेक भागांत महारांकडेही. लग्नाची वरात, जत्रा, बैलपोळा, प्रेतयात्रा, दवंडी : जिथे गावाला आवाज हवा तिथे ती वाजवायची. पण ती वाजवणारा कलावंत समजला जात नव्हता. तो गावाचा बांधील नोकर होता. वाजवून झाले की दारापासून लांब बसायचे आणि वरून टाकलेली भाकरी घ्यायची. चामडे मेलेल्या ढोराचे, ते ओढायचे काम याच माणसांचे, आणि त्याला शिवले म्हणून अस्पृश्य ठरवायचे तेही यांनाच. ढोर ओढणे, कातडे काढणे आणि वाद्य वाजवणे ही एकाच साखळीची कडी होती.

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, ढोरे ओढणे सोडा, ओवाळून टाकलेले अन्न घेऊ नका असे सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचे विधेयक आणले. वतन म्हणजे इनाम नव्हे, दास्याचा करार आहे, ही त्यामागची भूमिका. ती वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. पण कायदा यायच्या आधीच गावोगावच्या आपल्या आजोबा-पणजोबांनी वाद्य वाजवायला नकार दिला होता, आणि धर्मांतरानंतर तर नकाराची लाटच आली. त्याची किंमत त्यांनी मोजली : किराणा बंद, पाणी बंद, शेतावरची मजुरी बंद. काही घरांत वाद्य फोडून टाकले गेले, काही घरांत ते माळ्यावर गेले आणि तिथेच कुजले. या नकाराला आज कोणी 'कलेचे नुकसान' म्हणू लागला तर आम्ही त्याला आधी गावकीचा हिशोब मांडायला सांगू. ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नाही त्याच्या कलेचे कौतुक करणे फार सोपे असते.

उमपांनी काय केले

विठ्ठल उमप या नकाराच्या पिढीतले, पण शहरातले. गावाचा पाटील त्यांच्या डोक्यावर नव्हता. म्हणून जे गावात शक्य नव्हते ते त्यांना शक्य झाले. ज्या प्रकारांवर जातीचा आणि देवाचा शिक्का होता ते सगळे प्रकार त्यांनी शिकून घेतले आणि तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसमोर रंगमंचावर उभे केले. पोवाडा, भारूड, गोंधळ, जागरण, कोळीगीत, कव्वाली, गझल, तमाशातला वग. आकाशवाणीने त्यांचा आवाज महाराष्ट्रभर नेला. आमच्या तालुक्यात आगरी-कोळी हळदीला आजही वाजणाऱ्या जुन्या गाण्यांत उमपांचा आवाज असतो, आणि ती लावणाऱ्यांतल्या अनेकांना हे माहीत नसते की याच माणसाने भीमगीतेही गायली.

नाटकांत त्यांनी कामे केली, गाणी लिहिली, पुस्तके लिहिली. 'फू बाई फू' हे त्यांचे आत्मकथन. १९८३ साली आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातील आंतरराष्ट्रीय लोककला महोत्सवात ते भारतीय पथकातून गेले. मंगेश हाडवळे यांच्या 'टिंग्या' (२००८) या चित्रपटात ते दिसतात. तिथल्या त्यांच्या म्हातारपणाच्या चेहऱ्यात अभिनय शोधावा लागत नाही.

पण त्यांचे नाव ज्याच्याशी कायमचे जोडले गेले ते 'जांभूळ आख्यान'. ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही, लोकांच्या तोंडी चालत आलेल्या महाभारतात आहे. पाच पती असूनही द्रौपदीच्या मनात कर्ण भरतो. कृष्णाला ते कळते. वनात एका ऋषीच्या झाडाचे जांभूळ तोडले जाते, आणि ते पुन्हा देठाला लावायचे तर प्रत्येकाने आपल्या मनातले खरे बोलायचे असे ठरते. पांडव बोलतात, जांभूळ वर चढते. द्रौपदी लपवते, जांभूळ खाली येते. शेवटी तिला कर्णाचे नाव घ्यावे लागते. उमप हे आख्यान गोंधळाच्या अंगाने सादर करत. सांगणारे तेच, द्रौपदी तेच, कृष्णही तेच. पदर नसताना पदर सावरणारा, पांढऱ्या केसांचा तो माणूस दोन तास प्रेक्षकांना खिळवून ठेवी.

आपल्या वाचकांनी इथे थोडे थांबावे. कर्ण कोण आहे? 'सूतपुत्र' म्हणून भर सभेत ज्याची जात काढली गेली तो. ज्या बाईच्या स्वयंवरात त्याला जातीवरून नाकारले गेले, तिच्याच मनात तो आहे, आणि ते तिला सगळ्यांसमोर कबूल करावे लागते. ही कथा एका बौद्ध शाहिराने निवडावी आणि आयुष्यभर गावी, हा योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही.

बावीस प्रतिज्ञा आणि गोंधळ

तरीही प्रश्न उरतोच, आणि तो आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी विचारला आहे : बौद्धाने गोंधळ घालावा का? गोंधळ हे तुळजाभवानी-रेणुकेच्या उपासनेतले विधिनाट्य, जागरण खंडोबाचे. संबळ वाजली की पोत पेटलाच. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत या देवदेवतांना न मानण्याची स्पष्ट शपथ आहे. मग विठ्ठल उमपांचे काय करायचे?

आमच्यात यावर एकमत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. एक मत असे की वाद्य आणि विधी वेगळे करता येत नाहीत. संबळ आणली की तिच्या पाठोपाठ देवी घरात येते, आज रंगमंचावर, उद्या अंगात. लग्नात 'परंपरा' म्हणून गोंधळ घालणारी काही बौद्ध घरे पाहिली की या मताला वजन आहे हे मान्य करावे लागते. दुसरे मत असे की जलशाने तमाशातला गणपती काढला आणि तमाशाची बांधणी ठेवली, तेच उमपांनी गोंधळाच्या बाबतीत केले. त्यांनी नवस फेडला नाही, प्रयोग केला. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण एका अटीवर. प्रयोग संपल्यावर वाद्य खाली ठेवता आले पाहिजे. ज्याला ते खाली ठेवायची मोकळीक आहे तोच कलावंत. ही मोकळीक आपल्या पणजोबांना नव्हती, उमपांनी ती मिळवली.

वाद्यांची माहिती तरुणांना नसते म्हणून इथे थोडक्यात देतो. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन तोंडे, एक उंच स्वराचे, एक खर्जाचे, दोन काड्यांनी वाजते, त्यातली एक काडी टोकाला वळवलेली असते. दिमडी हे खंडोबाच्या वाघ्याच्या हातातले लहान, एका तोंडाचे वाद्य, बोटांनी वाजते. डफ तिच्याहून मोठा, पोवाड्याचा सोबती. ढोलकीला दोन तोंडे : उजव्या लहान तोंडाला शाई, त्याचा बोल टणत्कारी, डावे तोंड घुमाऱ्याचे. या चारही वाद्यांचे हात वेगळे आहेत. एक येते म्हणून दुसरे येत नाही.

अटलांटिकच्या पलीकडचा ढोल

हा प्रश्न फक्त आपला नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर उभी केली. पण आपण अमेरिकेकडेच पाहत राहिलो. ब्राझीलकडे पाहिले नाही.

ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने संपवली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. बाहिया राज्यातले साल्व्हादोर हे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचे शहर. त्यांच्या कांदोंब्ले या उपासनेत ढोल मध्यवर्ती. म्हणून पोलीस धाडी घालत आणि ढोल जप्त करत. उपासनेसाठी पोलिसांची परवानगी काढण्याची अट बाहियात १९७६ साली सुटली. म्हणजे आपल्याकडे वाजवण्याची सक्ती होती, तिकडे वाजवण्यावर बंदी. जुलूम दोन्ही.

त्या शहरात अँतोनियु लुईस आल्व्हेस जि सौझा नावाचा तालवादक झाला. लोक त्याला 'नेगिन्यो दु सांबा' म्हणत. आधी तो 'इले आये' या कृष्णवर्णीयांच्या पहिल्या मोठ्या कार्निव्हल पथकात होता, नंतर १९७९ साली स्थापन झालेल्या 'ओलोदूम' मध्ये. वेगवेगळ्या स्वरांचे मोठे ढोल एकत्र आणून सांबा आणि जमैकाचा रेगे यांचा मेळ त्याने घातला. त्यातून 'सांबा-रेगे' हा ताल १९८० च्या दशकात उभा राहिला. ओलोदूमचे ठिकाण पेलोरिन्यो, या शब्दाचा अर्थच गुलामांना फटके मारायचा खांब. त्याच चौकात कृष्णवर्णीय पोरांचे ढोल वाजू लागले. पॉल सायमनने १९९० च्या आपल्या अल्बमसाठी ते ढोल घेतले. १९९६ साली मायकेल जॅक्सनने तिथे येऊन 'दे डोन्ट केअर अबाउट अस' चे चित्रीकरण केले. त्या व्हिडिओतले शेकडो ढोल आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत, वाजवणारे कोण हे न कळता.

आम्हाला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९३ साली नेगिन्योने 'दिदा' ही संगीतशाळा काढली. शिक्षण मोफत, आणि वादक मुली व बायका. साल्व्हादोरमध्येही मोठा ढोल हा पुरुषांचा समजला जाई. त्याने तो मुलींच्या कमरेला बांधला. २००९ साली तो वारला. शाळा आणि मुलींचे पथक त्याच्या मागे चालू राहिले.

तमिळनाडूचे उदाहरण जवळचे आहे. तिथला 'परै' हा ढोल, त्यावरून जातीचे नाव परैयर, आणि त्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृताला वापरला जाणारा शब्द. तिथल्या दलित चळवळीतल्या एका गटाने तो ढोल प्रेतयात्रेत वाजवायला नकार दिला आणि मोर्चात, मंचावर वाजवायला सुरुवात केली. दिंडिगलच्या शक्ती लोककला केंद्राच्या मुलींनी तो हाती घेतला. एकाच वाद्याला एका जागी नकार आणि दुसऱ्या जागी होकार.

शाळा कुठे आहे

विठ्ठल उमपांनी अशी शाळा काढली नाही. त्यांचा फड हीच शाळा होती. झीलकरी म्हणून मागे उभे राहायचे, झांज धरायची, मग कधीतरी ढोलकीला हात लावायचा, मग एखादे कडवे मिळायचे. त्यांची मुले, त्यातले नंदेश उमप सर्वांना परिचित आहेत, याच रीतीने तयार झाली. वडिलांच्या नावाने आज प्रतिष्ठान चालते आणि 'मृद्गंध' पुरस्कार दिला जातो. घराण्याने वारसा सांभाळला ही आनंदाची गोष्ट. पण समाजाने काय सांभाळले? वामनदादांचे शिष्य, जलशांचे ढोलकीवाले, वस्त्यावस्त्यांतले पेटीवाले यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर जात आहे. भिवंडी तालुक्यात आपल्या प्रत्येक वाडीत बुद्धविहार आहे किंवा व्हायच्या मार्गावर आहे. वंदनेव्यतिरिक्त संध्याकाळी तिथे ढोलकी शिकवली जाते अशी किती विहारे दाखवता येतील? आणि शिकवलीच, तर समोर मुली बसतील का?

जयंतीच्या वर्गणीतला मोठा वाटा डीजेला जातो. बेंजो पार्टी निदान वाजवणाऱ्या पोरांना काम देते, डीजे तेही देत नाही. रात्री दहा वाजले की पोलीस येतात, वाद होतो, गुन्हे दाखल होतात ते आपल्याच मुलांवर. त्याच पैशातले थोडे बाजूला काढले तर चार ढोलक्या, दोन डफ आणि वर्षभराचे शिकवणाऱ्याचे मानधन निघते. हा हिशोब आम्ही मंडळांच्या बैठकीत मांडला आहे. उत्तर येते की पोरांना 'बेस' पाहिजे. घुमाऱ्याला बेस नसतो असे कोणी सांगितले कोण जाणे.

शेवटचा प्रयोग

नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस उमप नागपुरात होते. दीक्षाभूमीवर एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या शुभारंभाचा सोहळा होता. वय ७९. ते मंचावर गेले, तिथेच कोसळले आणि त्यांचे निधन झाले. ज्या भूमीवर त्यांच्या तरुणपणी लाखोंनी दीक्षा घेतली त्याच भूमीवर.

नायगावच्या बीडीडी चाळी आता पुनर्विकासात जात आहेत, जुन्या खोल्या रिकाम्या होत आहेत. त्या खोल्यांच्या माळ्यांवर आणि आपल्या शेलार, पडघा, कल्याणच्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत त्या काळच्या कॅसेट अजून असतील. काहींवर छापील नाव असेल, बऱ्याच वस्तीतल्या कार्यक्रमात कोणीतरी टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेल्या. कॅसेटची फीत दमट हवेत खराब होते, बुरशी धरते, आणि आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा आहे. घरी अशी कॅसेट असेल तर जूनच्या आधी ती बाहेर काढा, मोबाइलमध्ये उतरवून घ्या. गाणाऱ्याबरोबर ढोलकीवर कोण होते ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून त्या नावाची चिठ्ठी डबीत घालून ठेवा.